पगारे नानांच्या कानातली शिट्टी

आमच्या कारखान्यात सगळ्यात जास्त आवाज कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये असायचा, आणि पगारे नाना जेवणाच्या सुट्टीत डबा संपवला की ध्यानाला नेमके तिथंच जाऊन बसायचे. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस एक तर ढोंगी असणार, नाहीतर अर्धवट. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा दोन्ही प्रकारांची वानवा नव्हती.

नाना ढोंगी नव्हते, आणि अर्धवट तर मुळीच नव्हते. सरफेस ग्राइंडिंगच्या मशीनवर त्यांच्या तोडीचा माणूस आमच्याकडे नव्हता. या मशीनचं काम सांगायला सोपं आहे. दगडाचं चाक गरगरा फिरतं, त्याच्याखालून लोखंडाचा तुकडा पुढेमागे जातो आणि चाक त्याचा केसापेक्षाही पातळ थर उतरवतं. करायला मात्र ते महाकठीण. थर एवढासा जास्त निघाला की तुकडा भंगारात. त्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणायचो, आणि नानांच्या हातून भंगारात गेलेला जॉब मी वर्षभरात एखादाच पाहिला असेल.

पुढे याच माणसाच्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि ती काही केल्या थांबेना. ध्यानाला बसणाऱ्या माणसाला दुसरं कुठलंही दुखणं चाललं असतं. नाना त्यानंतर पुन्हा बसू शकले का, आणि कसे, एवढंच मला सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी नाना कळायला हवेत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी त्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागलो. वय बत्तीस, घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी, आणि राग चोवीस तास नाकावर. जॉब मोजायचा, मापात बसला तर पास, नाही बसला तर ऑपरेटरच्या सात पिढ्या काढायच्या, ही माझी कामाची पद्धत. एकदा एका फिटरच्या पायापाशी मी रिजेक्ट जॉब आपटला, तेव्हा मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं की बोरसे, पुन्हा असं झालं तर तुम्ही घरी बसाल. मी बाहेर येऊन आणखी दोघांवर ओरडलो.

नाना तेव्हा पन्नाशीला टेकलेले. काळेसावळे, काटक, कायम नुकतीच हजामत केल्यासारखा चेहरा. सातपूरमधल्याच एका बौद्ध वसाहतीत त्यांचं घर होतं आणि तिथून ते सायकलवर यायचे. गेटच्या आत ते मला "बोरसे सायेब, तुम्ही" म्हणायचे आणि गेटच्या बाहेर पाऊल पडलं की "आरं बोरसे, तू". यात कधी चूक व्हायची नाही. एकदा आम्ही दोघं बरोबर गेटातच उभे होतो, तर ते बोलायचेच थांबले आणि दोन पावलं पुढे जाऊन म्हणाले, "हां, आता ऐक."

काम सुरू करायच्या आधी मशीनचा लोहचुंबकी पाट ब्रशने साफ करायचा आणि मग त्यावरून उघडा तळहात सावकाश फिरवायचा, ही त्यांची रीत. धुळीचा एखादा कण राहिला तरी तळहाताला कळतो. तसं सगळेच करतात. नाना ते डोळे मिटून करायचे. आणि चाक जॉबला टेकलं का, हे ते कानाने ओळखायचे. चाक टेकताना अगदी बारीक "स्स" होतं. आजूबाजूला पंचवीस मशिनी खडखडत असताना नानांना ते "स्स" ऐकू यायचं. कंपनीने सगळ्यांना कानात घालायची बुचं दिली होती. नानांनी त्यांची बुचं मशीनच्या दिव्याला सुतळीने टांगून ठेवली होती. सेफ्टीवाला दिसला की तेवढ्यापुरती कानात, तो वळला की परत दिव्याला. "बुचं घातली तर चाक काय म्हनतंय ते कसं कळायचं?" असं ते विचारायचे. मला हे तेव्हा फार मोठं कसब वाटायचं. कसब होतंच ते.

नानांची माझी खरी ओळख माझ्या गाढवपणामुळे झाली. एका तातडीच्या ऑर्डरच्या आठ पट्ट्या नाना घासत होते. मॅनेजर तासातासाला विचारत होता. नानांनी शेवटची पट्टी पाटावरून उचलली, आणि मी ती तशीच हातातून घेऊन मायक्रोमीटर लावला. वीस मायक्रॉन जास्त. दुसरी मोजली, तीही जास्त. मी ओरडायला सुरुवात केली. तीस वर्षं काय गवत कापलं का, इथपर्यंत गेलो. सगळं मशीन शॉप थांबून बघायला लागलं.

नाना एवढंच म्हणाले, "सायेब, जरा निवू द्या. मग मोजा."

"मला शिकवू नका. आणखी एक कट घ्या."

नानांनी कट घेतला नाही. आठही पट्ट्या त्यांनी ग्रॅनाइटच्या टेबलावर ओळीने मांडल्या, हात पुसले आणि जेवणाची घंटा झाली म्हणून डबा घेऊन चालू लागले. मी तिथंच धुमसत उभा राहिलो. अर्ध्या तासाने ते परत आले आणि पट्ट्या माझ्यापुढे सरकवल्या. मी मोजल्या. आठच्या आठ जागेवर.

घासलेलं लोखंड गरम असतं आणि गरम लोखंड फुगतं, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. त्या दिवशी मी जर त्यांना आणखी एक कट घ्यायला लावला असता, तर निवल्यावर आठही पट्ट्या कमी भरल्या असत्या आणि मला नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. नाना चारचौघांत काहीही बोलू शकले असते. त्यांनी पट्ट्या तेलाच्या कागदात गुंडाळल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "गरम जॉब मोजायचा नाय, सायेब." मला कोणीतरी तोंडात मारावं तसं झालं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टीत शेडकडे गेलो. प्रेशर गेज तपासायचं आहे असा चेहरा करून गेलो होतो, पण नानांपुढे ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पोत्याची एक घडी माझ्याकडे सरकवली. तिथं आणखी एक व्यक्ती बसलेली होती, कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या कांताबाई. पेठकडच्या डोंगरातल्या, चाळिशीच्या, तोंडाने फटकळ. तुम्ही इथं कशा, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "हितं कोनाची हाक ऐकू येत नाय. घरी हाक, कॅन्टीनात हाक. धा मिंटं तरी सुटते."

मी नानांना विचारलं, काय करायचं?

"काय नाय. नाकापाशी बसायचं. श्वास येतो, जातो. धरायचा नाय, ढकलायचा नाय. आन् तुम्हाला म्हनून सांगतो, त्याची इन्स्पेक्शन करायची नाय."

बस, एवढीच त्यांची शिकवण. ते "ध्यान" हा शब्दही वापरायचे नाहीत, "बसणं" म्हणायचे. त्यांच्या वसाहतीतल्या विहारात एका वर्षी एक म्हातारे भंतेजी मुक्कामाला होते, त्यांनी हे बसणं शिकवलं, यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही. कोणाला या म्हणाले नाहीत, आणि आलेल्याला कधी अनुभव विचारला नाही.

शेडमधला तो अनुभव पहिले पंधरा दिवस भयंकर होता. हवेचं प्रेशर उतरलं की कॉम्प्रेसर धडाडून सुरू व्हायचा, पायाखालची फरशी थरथरायची, आणि टाकी भरली की तो मोठा सुस्कारा टाकून बंद पडायचा. मी दर वेळी दचकायचो. शेवटी मी वैतागून विचारलं, "नाना, बागेत बसू की. तिथं कडुनिंब आहे, सावली आहे."

"शांत जागी बसलो आन् कोनी भांडं पाडलं तर राग येतो," नाना म्हणाले. "हितं कोन काय पाडनार?"

दुसऱ्या दिवशी मी परत पोत्याच्या घडीवर जाऊन बसलो.

एरवी नानांमध्ये साधूसारखं काहीही नव्हतं. तंबाखूचं त्यांना भारी वेड. बसून उठले की पहिलं काम म्हणजे चिमूट मळणं. मी टोमणा मारला तर म्हणायचे, "एका टायमाला श्वास सुटंल, तंबाखू नाय सुटायची." कधी कधी बसल्या बसल्या ते चक्क झोपायचे, मान छातीवर पडायची, आणि उठल्यावर आपणहून कबूल करायचे की आज झोप लागली, आणि लय गोड लागली. हसायचे तेव्हा आवाज अजिबात नसायचा, नुसते खांदे हलायचे. एकदा कंपनीने तणावमुक्तीसाठी पुण्याहून एक गृहस्थ आणले. एसी हॉल, उदबत्ती, कॅसेटवर बासरी. तासाभराने त्या गृहस्थांनी नेमका नानांनाच प्रश्न केला, "काका, काय जाणवलं?" नाना विचार करून म्हणाले, "थंडी."

आणि तरीही सांगतो, त्या पोत्याच्या घडीवर बसता बसता माझं काहीतरी हललं. दोनेक वर्षं गेली असतील. एक दिवस घरी मुलीच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं. मी उठलो, फडकं आणलं, पुसायला लागलो. पुसताना लक्षात आलं की मुलगी भिंतीला चिकटून माझ्याकडे बघते आहे आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी आहे. दोघी वाट बघत होत्या, मी कधी सुरू होतो याची. मी सुरू झालो नाही. बायकोने नंतर विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" नानांनी मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. माझ्या घरातल्या दोन माणसांना माझी भीती वाटायची बंद झाली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात नाना एकदम शॉपभर फिरताना दिसायला लागले. हातात साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश. हवेच्या पाइपाच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघायचे, बुडबुडा येतो का. "कुठंतरी एअर लीक व्हतीय," ते म्हणाले. "बारीक शिट्टी येतीय. तुम्हाला नाय येत?" मला येत नव्हती. मेंटेनन्सवाल्यांनाही येत नव्हती, पण नानांचा कान म्हटल्यावर कोणी शंका घेतली नाही. दोन दिवस सगळ्यांनी मिळून पाइप तपासले. एकही गळती सापडली नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता, कारखाना बंद होता. सोमवारी नाना आले ते थेट माझ्या टेबलापाशी. गेटच्या आत असूनही म्हणाले, "बोरसे, ती शिट्टी घरी बी हाय रं."

कॉलेज रोडच्या कानाच्या डॉक्टरकडे मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. तीस वर्षांच्या आवाजाने कानाच्या आतल्या नसा मेल्या आहेत, उजव्या जास्त. ऐकू कमी येणार, आणि शिट्टी वाजत राहणार. औषध नाही. "सवय होईल," डॉक्टर म्हणाले. नानांनी एकच प्रश्न विचारला, "डोळे मिटून बसल्यावर तरी थांबती का?" डॉक्टर म्हणाले, उलट शांत बसलं की जास्त जाणवते.

येताना नाना स्कूटरवर मागे बसले होते. दिव्याला टांगलेली ती बुचं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मी क्वालिटीचा माणूस. चुका काढण्याचा पगार घेत होतो, आणि ती बुचं तिथं लटकलेली रोज बघत होतो. कौतुकाने बघत होतो.

नाना शेडमध्ये यायचे थांबले. पहिल्या दिवशी आले, डोळे मिटले आणि दोन मिनिटांत उठून गेले. मग आलेच नाहीत. सुट्टीत ते लोखंड तापवायच्या भट्टीपाशी उभे राहून उगाचच लोकांशी बोलायचे. मी त्यांच्या घरी गेलो तर दारातून रेडिओ ठणाणा ऐकू येत होता. त्यांची बायको, विमलकाकू, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उठल्यापासून रेडिओ लावत्यात. शिट्टी दाबायला. जेवताना बी बंद करू देत नाईत. आन् चिडत्यात हो. हे मानूस चिडत नव्हतं."

मला वाटलं, जागा बदलली तर जमेल. एका रविवारी सकाळी मी त्यांना पांडवलेणीला नेलं. नाना त्या लेण्यांना त्रिरश्मी म्हणायचे. वसाहतीतली सगळी मंडळी पौर्णिमेला तिथं जायची, पण त्या दिवशी गर्दी नव्हती. दोनशे पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. एका विहाराच्या भिंतीत भिक्खूंच्या लहान लहान खोल्या आहेत, आत झोपायला दगडाचा ओटा. दोन हजार वर्षांपूर्वी माणसं तिथं बसली ती याच कामासाठी. नाना एका खोलीत शिरले. मी बाहेर थांबलो. आत इतकी शांतता होती की मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

पाच मिनिटांत नाना बाहेर आले. चेहरा ओळखू येईना.

"चल हितून."

"नाना, थोडं थांबून—"

"तुला कळत नाय का?" ते ओरडले. त्या दगडात त्यांचा आवाज घुमला. "आत लय जोरात वाजतीय! डोकं फुटायची पाळी आली. मला हितं आनलं कशाला?"

पायऱ्या उतरताना मध्येच एका कठड्यावर बसून राहिले. खाली मुंबईच्या रस्त्यावर ट्रक जात होते. मग ते हळू आवाजात बोलले. "बाहेर किती बी आवाज असू दे, आत एक जागा व्हती, बोरसे. तिथं कोन येत नव्हतं. गरिबी आली नाय, जात आली नाय, सायेब लोकांच्या शिव्या आल्या नाय. आता ही तिथंच येऊन बसली. बाहेरच्या आवाजाला दार लावता येतं. हिला काय करू?"

शिव्या देणाऱ्या साहेबांतला एक त्यांच्या शेजारी बसला होता. ते उठेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.

शेडमध्ये मी आणि कांताबाई बसत राहिलो. खरं सांगायचं तर नाना नसताना तिथं बसणं म्हणजे निव्वळ कॉम्प्रेसर ऐकणं होतं. पण जाणं बंद केलं असतं तर नानांची पोत्याची घडी कोणीतरी मशीन पुसायला घेतली असती, या भीतीने आम्ही जायचो. असे तीन-चार महिने गेले. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये कांताबाईंनी नानांना गाठलं. सगळ्यांसमोर, खरकटी ताटं हातात धरून, मोठ्याने, कारण आता त्यांच्याशी मोठ्यानेच बोलावं लागायचं. "आमाला बशिवलं आन् तुमी उठून गेले व्हय? मंग आमी कोनाच्या जिवावर बसायचं?"

नाना डबा उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. आठवड्याने आले. आम्ही दोघं डोळे मिटून बसलो होतो. उघडले तेव्हा नाना त्यांच्या घडीवर होते. ताठ, हात गुडघ्यांवर. घंटा झाली, उठले, तंबाखू मळली आणि कामाला गेले. ना मी काही विचारलं, ना कांताबाईंनी. आम्हाला वाटलं, थांबली असेल शिट्टी. निदान कमी झाली असेल. सुधारलेली गोष्ट नजर लागून बिघडू नये म्हणून आम्ही तो विषयच काढला नाही.

कामातही त्यांनी नवी वाट काढली. चाकाचं "स्स" आता ऐकू येत नव्हतं, म्हणून ते डाव्या हाताची दोन बोटं मशीनच्या टेबलाच्या कडेला टेकवून ठेवायचे. चाक जॉबला टेकलं की बोटांना कळायचं. वर्षभरात ते इतकं साधलं की मी त्यांच्या जॉबमध्ये चूक काढू शकलो नाही. आणि मग हा गृहस्थ बुचांचा डबा घेऊन प्रत्येक मशीनपाशी जाऊ लागला. कोणी म्हणालं की बुचं घातल्यावर चाक ऐकू येत नाही, तर त्याची दोन बोटं धरून टेबलाला लावायचे. "हितं ऐक." जो ऐकणार नाही त्याच्या कानात स्वतः बुचं कोंबायचे. आमच्या ग्राइंडिंग शॉपमधली नंतरची सगळी माणसं आज धड ऐकू शकतात ती त्या दोन बोटांमुळे.

पुढे सहा वर्षं आम्ही तिघं रोज बसलो. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. त्या काळात माझे वडील गेले, कंपनीत माणसं कमी केली, माझं नाव त्या यादीत येता येता राहिलं. रोज दुपारी ती पंधरा मिनिटं होती म्हणून मी उभा राहिलो. नानांच्या शेजारी बसलं की मन पाच मिनिटांत खाली बसायचं, घरी एकट्याने बसलो तर अर्धा तास लागायचा. त्यांच्या आतली शांतता आपल्याला लागते आहे, असं मला वाटायचं.

नाना निवृत्त झाले. कांताबाई पेठला लेकाकडे गेल्या. मी विंचूरच्या एका नव्या कारखान्यात लागलो, बिऱ्हाडही तिकडेच हलवलं आणि येणंजाणं कमी झालं. नाना गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी त्यांना शेवटचं भेटलो. दुपारची वेळ, ओट्यावर ऊन, गल्लीत पोरांचं क्रिकेट. नाना वाळले होते, पण हजामत तशीच ताजी. काकूंनी चहा दिला. रेडिओ कुठं दिसत नव्हता. मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं, "नाना, ती शिट्टी कधी थांबली हो?"

"कोन म्हनलं थांबली?"

"नाही... तुम्ही परत बसायला लागलात, म्हणून मला वाटलं..."

"आरं, आत्ता तुझ्याशी बोलतोय तवा बी वाजतीय. एक मिनिट बंद नाय झाली ती. एक मिनिट."

सहा वर्षं. रोज दुपारी मी आणि कांताबाई ज्यांच्या शेजारी बसून शांत होऊन उठायचो, त्यांच्या डोक्यात त्या प्रत्येक मिनिटाला ती शिट्टी वाजत होती, आणि त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही.

"मग बसलात कसे?"

नानांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "पयलं तिला घालवायला बसत व्हतो. ती जाईना आन् मी बसंना. कांताबाईनं तोंड वाजवलं तवा घरी येऊन लय विचार केला. आठ दिस भांडलो तिच्याशी. मंग म्हनलं, तुला जायाचं नाय ना? मंग बस. तू बी बस. लेकरू नाय का येऊन बसत मांडीवर, हाकललं तरी? तसं." त्यांचे खांदे हलले. "तवापासून दोघं बसतो."

"आणि ती आतली जागा? जिथं कोणी येत नव्हतं?"

"ती काय इवलीशीच जागा व्हती व्हय, बोरसे? मला तसं वाटायचं. हिच्यामुळं कळलं, लय मोठी हाय. ही बी मावली."

निघताना मी वाकलो, तर त्यांनी माझे खांदे धरले. त्यांना पाया पडलेलं चालायचं नाही. मग मी त्यांच्या कानाशी जाऊन जे म्हणायचं होतं ते म्हणालो, की नाना, तुमच्यामुळे मी माणसात आलो, माझी बायको-मुलगी तुमचे उपकार विसरणार नाहीत. त्यांनी हाताने "काय?" असं विचारलं. मी मोठ्याने म्हणालो. पुन्हा "काय?" मी ओरडलो. क्रिकेट थांबलं, समोरच्या घरातली बाई बाहेर आली, अख्ख्या गल्लीला ते ऐकू गेलं. नानांना गेलं की नाही, देव जाणे. त्यांनी माझ्या गालावर एक हलकी चापट मारली आणि म्हणाले, "जा आता. अंधार पडायच्या आत विंचूर गाठ."

कोपऱ्यावरून मी मागे वळून पाहिलं. पोरांचा आरडाओरडा परत सुरू झाला होता. नाना ओट्यावर ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. तसं बसलेलं मी त्यांना शेकडो वेळा पाहिलं होतं. पण ते कोणाला सोबत घेऊन बसलेत, हे आता मला माहीत होतं.